मुघलांबरोबर डार्विनही गेला

(कोल्हापुरात तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एप्रिल २०२३ मधली एक बातमी तुम्हांला आठवत असेल. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारांवरचं प्रकरण गेलं. अकरावीच्या राज्यशास्त्रातून मौलाना आझादांचा उल्लेख गेला. आपल्या प्रत्येक ग्रुपवर ते फिरलं, लोक चिडले, आणि ते चिडणं बरोबरच होतं. पण त्याच छाटणीत दहावीच्या विज्ञानातलं ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरणही अर्धं झालं. उत्क्रांती कापली, नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. ते पत्र आपल्या ग्रुपवर कुणी पाठवलं? मला तरी कुठं दिसलं नाही.

कारण उघड आहे. बऱ्याच जणांना आतून बरंच वाटलं. ‘चला, पोरांना माकडाची अवलाद म्हणायचं बंद झालं!’

जरा मागं जाऊ. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला वैदिक संमेलनासाठी आले होते. त्यांनी सांगितलं की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात तो बदलायला हवा. कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिलं नाही. हे गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. डोळ्यांदेखत पाहणारा साक्षीदार नाही म्हणून खून झालाच नाही, असं कुठला पोलीस म्हणतो? तिथं ठसे चालतात, डाग चालतात, डीएनए चालतो. उत्क्रांतीचा तपासही असाच आहे. खडकांच्या थरांतले जीवाश्म एकीकडं, डीएनए दुसरीकडं, आणि दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मंत्र्यांच्या विधानाविरुद्ध निवेदन काढलं.

गंमत अशी, की नेमका हाच युक्तिवाद आपल्याकडच्या तकरीरींतही ऐकू येतो. हातातला ग्रंथ तेवढा वेगळा. ज्यांच्याशी एरवी एकाही गोष्टीवर जमत नाही, त्यांच्याशी इथं मात्र पक्की युती!

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, तेव्हा माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. पंधरा वर्षांपूर्वीचा कोड हातात आला की लगेच कळतं, हे कुणी एका बैठकीत आखलेलं नाही. जुन्यावर नवं चढवत गेलेत, कारण चालू सिस्टिम बंद ठेवून सगळं नव्यानं लिहायची सोय नव्हती. आपल्या स्वरयंत्राकडं जाणारी डावी नस बघा. मेंदूकडून निघते, शेजारीच गळा आहे, पण ती खाली छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. जिराफातही तसंच. तिथं हा फेरा काही मीटरचा होतो. माशांमध्ये हा रस्ता सरळ होता. मान लांबत गेली, वळसा तसाच राहिला.

‘पण ती नुसती थिअरी आहे ना?’ हा प्रश्न इंग्रजीतून आलाय. मराठीत आपण ‘सिद्धांत’ म्हणतो, आणि सिद्धांत म्हणजे कसाला उतरलेली गोष्ट. इंजिनिअरिंगच्या थिअरीच्या पेपराशी त्याचा काही संबंध नाही.

आता दुसरी एक सवय. २०१९ च्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं. आपण हसलो. मग आपल्यातलेच काही जण सांगतात, नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजनं हे सगळं लिहून ठेवलंय. जाहिजनं प्राण्यांबद्दल बारकाईनं लिहिलं, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण डार्विननं वर्षानुवर्षं गोळा केलेला पुरावा त्यात शोधू नका. आणि तुर्कस्तानच्या हारून याह्याचं ते जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक? त्यात जिवंत किडा म्हणून चक्क मासेमारीचं नकली आमिष छापलंय, गळासकट!

एनसीईआरटी म्हणते, मुलांवरचं ओझं कमी केलं, उत्क्रांती बारावीत आहेच. बारावीत कुणाला? जीवशास्त्र घेणाऱ्याला. आपल्या मोहल्ल्यातली किती पोरं तिथवर जातात? कुणी कॉमर्सला, कुणी आयटीआयला, कुणी डिप्लोमाला, आणि कुणा मुलीचं लग्न ठरतं. मी स्वतः अकरावीत गणिताच्या बाजूला गेलो, जीवशास्त्र तिथंच सुटलं. दहावीचं पुस्तक हीच बहुतेकांची पहिली आणि शेवटची गाठ. टीबीच्या गोळ्या बरं वाटलं तरी मध्येच का सोडायच्या नाहीत, हे त्यातूनच कळतं. औषधानं कच्चे जंतू आधी मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिलावळ त्या चिवटांची होते. एवढ्यासाठी बारावी सायन्स कशाला लागतं?

आपल्या राज्याच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ चं पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. जीवाश्म, अवशेषांगं, डार्विन, मानवाची वाटचाल, सगळं त्यात आहे. पण २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात करून राज्यात टप्प्याटप्प्यानं सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम येतोय. कधीतरी पाळी दहावीची येईल. तेव्हा हे प्रकरण राहतं का जातं, यावर लक्ष ठेवणारे आपल्यात कोण आहेत? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यांच्याच पाठबळावर उभं राहिलं. त्या गावात हा प्रश्न फक्त विज्ञानाच्या सरांवर सोडून चालणार नाही. नव्या पुस्तकाचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला, तर बालभारतीला लिहा. मुघलांसाठी लिहिताना जी शाई वापरली, तीच चालेल. तिथंही आपलं म्हणणं एवढंच होतं ना, की जे घडलं ते पोरांना शिकवा?

तुर्कस्ताननं २०१७ मध्ये शाळेतून उत्क्रांती काढायचं ठरवलं. इराणच्या शाळांत ती शिकवली जाते. जॉर्डनच्या रना दजानी हिजाब घालतात, नमाजी आहेत, आणि विद्यापीठात मुस्लिम मुलांना उत्क्रांती शिकवतात. पटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पुरावा समजून घ्या, मग वाद घाला, ही त्यांची पद्धत.

आता तुमचे प्रश्न. हजरत आदमचं काय, हा पहिला असणार. मागच्या रांगेतले दोघं मघापासून त्यासाठीच हात वर करून बसलेत. चला, तोच आधी घेऊ.