घराचे मोल आणि घरावरील खर्च



वाटणीची वेळ आली म्हणजे आपल्यातील शहाणीसुरती माणसेही घराच्या किमतीवरून एकमेकांशी बोलेनाशी होतात. आमचा व्यवसाय मूल्यांकनाचा, म्हणून हे वाद नेहमी आमच्या कानी पडतात. एका घरी थोरले बंधू म्हणाले, “स्वयंपाकघरावर मी ५ लाख घातले, ते अगोदर बाजूस काढा.” धाकटे म्हणाले, “ते तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घातले.”

एखाद्या सोयीचे मोल दुकानदाराच्या पावतीवरून लावीत नाहीत. ती सोय आहे म्हणून गिऱ्हाईक किती अधिक देईल, एवढेच पाहतात. समजा, एकाच इमारतीत सारख्या क्षेत्रफळाची दोन घरे एकाच सुमारास विकली गेली. मोटार ठेवण्याच्या जागेसह एक ८० लाखांस गेले, जागेवाचून दुसरे ७५ लाखांस. बाकी सर्व समान असेल, तर त्या जागेचे मोल ५ लाख. आपल्या घरास अशी जागा नसेल, तर त्या ८० लाखांतून ५ लाख वजा करून ताडून पाहावयाचे. फेरफार नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करावयाचा. येथेच पुष्कळांचा हिशेब उलटा होतो. अशी जुळी घरे क्वचितच सापडतात, आणि मग मूल्यांकनकाराच्या अनुभवावरच भिस्त ठेवावी लागते, हे आम्ही लपवू इच्छीत नाही.

वरील स्वयंपाकघराची आम्ही अशी छाननी केली, तेव्हा दीड लाखाच्या वर मोल निघेना. थोरले बंधू आमच्यावरच रुष्ट झाले.

सोय दोनदा मोजली जाऊ नये, हेही पाहावे लागते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्रात सज्जा व खुली गच्ची धरीत नाहीत. विक्रेत्याने सांगितलेल्या क्षेत्रफळात ती अगोदरच मिसळली असतील, तर त्यांचे वेगळे मोल लावणे चूक होय. मजल्याचेही तसेच: लिफ्ट नसेल तर चौथा मजला उणा, असेल तर तोच हवेशीर म्हणून सरस.

जुन्या वाड्यांत जमीन व बांधकाम वेगवेगळे मोजतात. जमीन झिजत नाही, बांधकाम झिजते. काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य सामान्यतः ६० वर्षे आणि अखेरचे मोल १० टक्के धरल्यास, २० वर्षांनी बांधकामातून ३० टक्के घट होते. आजोबांनी हौसेने उभारलेल्या सागवानी खांबांस पाडकामाच्या वेळी जुन्या लाकडाचा भाव येतो. ऐकणाऱ्यास हे बोचते, सांगणाऱ्यासही बोचते.

तथापि पावत्या फेकून देऊ नयेत. घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा खर्च वजा मिळू शकतो. वडिलोपार्जित घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या दिवशीचे त्याचे मोल मूल्यांकनकाराकडून लिहून घ्यावे, आणि ते वडीलधारी मंडळी हयात असतानाच घ्यावे. कोणती खोली केव्हा बांधली, हे त्यांनाच ठाऊक असते.