मित्र मागे राहतात तेव्हा

पत्रिकेवर आजचा विषय 'मराठी चित्रपटातलं कोवळं प्रेम' असा छापला आहे. मी मात्र बरंचसं मैत्रीविषयी बोलणार आहे. २०१२नंतरच्या काही वर्षांत मराठीत कोवळ्या वयावर फार चांगले चित्रपट झाले. ते पुन्हा पुन्हा पाहताना माझी नजर नायक-नायिकेवरून त्यांच्या शेजारच्या मित्राकडे वळत गेली. पंधराव्या-सोळाव्या वर्षीचं प्रेम एकट्याला जमत नाही, ते टोळक्यात वाढतं. टोळकं सुटलं, की पोरगा किंवा पोरगी एका रात्रीत मोठी होते. हे चित्रपट ती रात्र दाखवतात, असं मला वाटतं.

'शाळा'पासून सुरुवात करू. मिलिंद बोकिलांची कादंबरी २००४ची, सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२च्या जानेवारीतला. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे चौघं अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत जमतात. कोण कुणाला लाइन देते, कोण कुणावर मरतो, याचा सगळा अभ्यास तिथे चालतो. जोशीला वर्गातली शिरोडकर आवडते. पण आवडणं म्हणजे नेमकं काय, हे त्याला वर्गात कोण सांगणार? त्याला त्याची भाषा मिळते ती या बैठकीत, आणि घरी नरूमामाकडून. नरूमामाचं मला फार अप्रूप आहे. मुलाचा प्रश्न हसण्यावारी न नेणारं एक तरी मोठं माणूस घरात असावं, ते जोशीला लाभलं आहे. पुढे सुऱ्या केवडा नावाच्या मुलीला विचारायला जातो, प्रकरण शाळेपर्यंत पोचतं आणि त्याची झळ जोशीलाही लागते. शिरोडकर गाव सोडून जाते. तोवर या चौघांची बैठकही पहिल्यासारखी उरलेली नसते.

रवी जाधव यांच्या 'टाइमपास'मधल्या नायकाला, दगडूलाही मित्रांचा गोतावळा आहे. तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला आणि ते मला समजतं. पण मला ज्यांच्यावर जास्त वेळ थांबायचं आहे ते चित्रपट नागराज मंजुळे यांचे आहेत.

'फँड्री' २०१४च्या १४ फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला प्रदर्शित झाला. जब्या कैकाडी घरातला, शालू वरच्या जातीतली. दोघांमध्ये अख्ख्या चित्रपटात धड बोलणंही होत नाही. मग हे प्रेम चालतं कशावर? पिऱ्यावर. काळ्या चिमणीची राख मुलीवर टाकली की ती आपली होते, या समजापायी जब्या गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो, आणि पिऱ्या त्याच्यासोबत असतो. जब्याच्या मनातलं गुपित खरं मानणारा तो एक सोबती. जीन्स हवी म्हणून जब्या सायकलवर गारेगार विकायला निघतो, त्यातही प्रेमाचीच अधीरता आहे.

आणि मग ते शेवटचं डुकरं धरण्याचं दृश्य. जब्याचं सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय आणि शाळेतली पोरं सामना बघावा तशी भोवती जमली आहेत. शालूही त्यांच्यात आहे. जब्या तिच्या नजरेला पडू नये म्हणून आडोशाला लपतो आणि बापाचा मार खातो. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी माझा श्वास अडकतो. शेजारच्या बाकावरची पोरं बघे झाली, हे जब्याला तिथे कळतं. त्यानं शेवटी भिरकावलेल्या दगडाची चर्चा पुष्कळ झाली. मला वाटतं, तो दगड उचलला जाण्याआधीच त्याचं पोरपण संपलेलं आहे.

'सैराट' (२०१६) तर सरळ दोन भागांत दुभंगलेला आहे. पहिला भाग गर्दीचा: विहीर, उसाचे फड, क्रिकेट, कॉलेज, मित्र सल्या आणि प्रदीप. नायक पर्श्या एकटा असा क्वचितच दिसतो. संगीतही तसंच, अजय-अतुल यांचा भलामोठा वाद्यवृंद जणू सगळ्या गावाला नाचवतोय. नायिका आर्ची आणि पर्श्या पळून जातात, तेव्हा मार सल्या आणि प्रदीपलाही बसतो. प्रेम त्यांचं नाही, तरी किंमत त्यांनी मोजली. आणि गाडी निघते तेव्हा ते मागे राहतात.

पळून गेल्यावर दोघं पोचतात ते हैदराबाद आठवा. पत्र्याची खोली, न कळणारी भाषा, संशय, भांडण. पुष्कळांना हा उत्तरार्ध संथ वाटला. मला तो चित्रपटाचा प्राण वाटतो. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची त्या वस्तीत बिचकते, कारण तिची चूक सांगणारं, तिची समजूत काढणारं ओळखीचं कुणी नाही. तिथे वस्तीतली सुमनअक्का पाठीशी उभी राहते. तिच्या गाडीवर पर्श्या डोसे घालायला शिकतो, आर्ची कारखान्यात जाऊ लागते. दोन मित्रांची जागा भरून काढायला एक अख्खी बाई लागली! या दोघांचा संसार उभा राहतो तो तिच्या आधारानं.

इथे एक तक्रार मनापासून करतो. 'शाळा' जोशीच्या तोंडून येते, 'फँड्री' जब्याच्या डोळ्यांतून. शिरोडकरच्या आणि शालूच्या मनात काय चाललं होतं, ते आपल्याला कळत नाही. आर्ची स्वतः रोखून बघते, पुढाकार घेते, म्हणून ती वेगळी. तरी तिची मैत्रीण आनी चित्रपटात येते आणि विरते. सल्या-प्रदीप आपल्याला नावानिशी आठवतात, आनी किती जणांना आठवली? मुलीही गच्चीवर, बसमध्ये, वहीच्या मागच्या पानावर असंच काहीतरी एकमेकींना सांगत असतात. चिठ्ठी आली तर घरात कळण्याआधी ती कुणाकडे द्यायची, घरून आरडाओरडा झाल्यावर रात्री कुणाच्या दारात जायचं, हे त्यांचंही ठरलेलं असतं. मागच्या रांगांत आज कॉलेजच्या बऱ्याच मुली दिसतात. त्यांतली कुणी पटकथा लिहायला बसली, तर तिनं आनीपासून सुरुवात करावी, एवढं मला तिला सांगायचं आहे.