पेप्टाइडची सुई : कोणाला, कशासाठी, कोणाच्या देखरेखीखाली?

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावरचे भाषण डॉक्टरांनी करावे, रेल्वेच्या इंजिनिअरने नव्हे, हे मला मान्य आहे. मी डिप्लोमा करून रुळांच्या कामाला लागलो आणि वीसहून अधिक वर्षे खडी, स्लीपर आणि रूळ यांतच आहे. तरीही चिटणीसांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला, त्याला दोन कारणे. एक म्हणजे आमच्या घरात गेले वर्षभर अशी एक सुई रोज टोचली जाते. दुसरे म्हणजे आपल्यापैकी चार-पाच जणांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, ते पेप्टाइडचे इंजेक्शन घेतले की गुडघे सुधारतात म्हणे, वयही मागे जाते म्हणे. खरे का?" विचारणाऱ्यांत गलाईच्या दुकानात दिवसभर मांडी घालून बसणारे आहेत आणि माझ्यासारखे पंचेचाळिशी ओलांडलेले रेल्वेवालेही आहेत. एकेकट्याशी कुजबुजण्यापेक्षा सगळ्यांसमोर बोलावे, म्हणून उभा आहे.

पेप्टाइड म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. आपण खातो त्या डाळीतली, दुधातली प्रथिने ज्या लहान घटकांची बनतात, त्यांना अमायनो आम्ले म्हणतात. डब्याला डबा जोडून गाडी करावी तशी ही आम्ले एकमेकांना जोडली की साखळी होते. लांबलचक साखळी म्हणजे प्रथिन, आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. शरीर अशी पेप्टाइडे स्वतः बनवते आणि निरोप्यासारखी वापरते : साखर पेशीत घ्या, भूक थांबवा, हाडातले कॅल्शियम सोडा. आपल्या सर्वांच्या ओळखीचे इन्सुलिन यातलेच. त्यात ५१ अमायनो आम्ले असतात. तेव्हा ज्यांच्या घरी इन्सुलिन घेतले जाते, त्यांनी हा शब्द ऐकला नसला तरी पेप्टाइडचा उपचार कधीच सुरू केलेला आहे.

या साखळ्या कशा वळतात, हे शोधण्याचे मोठे काम आपल्या याच राज्यात झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६३ साली एक आलेख प्रसिद्ध केला. साखळीतला प्रत्येक सांधा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, ते त्यात दाखवले आहे. जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मला तो पाहताना आमच्या 'शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स'ची आठवण झाली. गाडीचा कोणताही भाग फलाटाला किंवा पुलाला घासता कामा नये म्हणून आम्ही ज्या मर्यादा पाळतो, तसेच हे अणूंचे.

आता इन्सुलिनची एक हकीकत सांगतो, कारण पुढच्या सगळ्या बोलण्याचा पाया तिच्यात आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. अर्क अशुद्ध होता. साखर जेमतेम उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले. डॉक्टरांनी ते थांबवले. कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीपासून तोच उपचार पुन्हा सुरू झाला आणि मुलगा सुधारू लागला. मुलगा तोच आणि औषधही तेच होते. मधल्या बारा दिवसांत फक्त शुद्धता बदलली.

आमच्या घरच्या सुईकडे येतो. आई बहात्तर वर्षांची आहे. धुण्याच्या दगडापाशी घसरली, मनगट मोडले, ते जुळले. पण त्यानंतर पाठ दुखायची थांबेना. एक्स-रेत मणका चेपलेला दिसला आणि हाडांच्या घनतेची तपासणी केल्यावर हाडे फारच विरळ झाल्याचे कळले. रूळ वरून चकचकीत असतो आणि आत तडा असतो. म्हणून तर आम्ही अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊन मैलोन्‌मैल चालतो. माणसाच्या हाडाचेही तेच. मोडेपर्यंत ते बोलत नाही. शेजारच्या आजींनी मात्र प्रेमाने सांगितले, "कुंभकोणमचे विड्याचे पान आणि चुना, दुसरे काही नको." पान आईने आनंदाने खाल्ले, चुना ठेवून दिला.

डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड सुचवले. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावात ८४ अमायनो आम्ले असतात. त्यातली पहिली ३४ घेऊन हे औषध केले आहे. गंमत अशी की हाच स्राव शरीरात सतत जास्त राहिला तर हाडे झिजतात, आणि दिवसातून एकदाच थोडासा दिला तर हाडे बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. मात्रा रोज २० मायक्रोग्रॅम. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणका आधीच मोडलेल्या १,६३७ स्त्रिया होत्या. नुसती खोटी सुई घेणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांचा मणका पुन्हा मोडला, या मात्रेने औषध घेणाऱ्यांपैकी ५ टक्के स्त्रियांचा. अमेरिकेत २००२ साली त्याला मान्यता मिळाली. उंदरांवरच्या प्रयोगांत हाडांचा कर्करोग दिसल्यामुळे वेष्टनावर कडक इशारा छापावा लागत असे. माणसांत वर्षानुवर्षे तसे आढळले नाही, तेव्हा २०२० साली अमेरिकेत तो काढला. मला यातले महत्त्व औषधाइतकेच या हिशेबाचे वाटते : धोका दिसला, लिहिला, वर्षानुवर्षे पाहिला, मग शब्द बदलले.

सुई सुरू करण्याआधी डॉक्टरांनी आईला तासभर प्रश्न विचारले. मुतखडा झाला होता का, कर्करोग झाला होता का, कधी किरणोपचार घेतले का. रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंड, सगळे तपासले. सुरुवातीला सुई घेतल्यावर उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगावर बसूनच घ्यायची. पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, गोठवायचे नाही, आणि उघडल्यापासून २८ दिवसांनी औषध उरले असले तरी टाकून द्यायचे. साधारण दोन वर्षे झाली की थांबायचे, आणि थांबल्यावर कमावलेले हाड टिकवायला दुसरे औषध घ्यायचे, नाहीतर मिळवलेले हळूहळू जाते. मी आमच्या खात्याच्या सवयीने वही घातली आहे. तारीख, वेळ, मांडीची कोणती बाजू, काही त्रास. आई म्हणते, "अरे, मी काय तुझा पूल आहे?" पण तपासणीला गेलो की डॉक्टर आधी ती वही मागतात. पुढचा महामहम २०२८ साली आहे, तोपर्यंत कुंडाला पायी प्रदक्षिणा घालता यावी एवढे तिचे मागणे आहे.

वहीची ही परंपरा काही माझी नाही. इथून चाळीस किलोमीटरवर तंजावरला सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य, दोन्ही वैद्यकांच्या जाणकारांना एकत्र बसवले. पारखलेले पाठ पुढे तमिळ पद्यांत लिहून घेतले गेले. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे, रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात आजही आहेत. रोगी कोण, डोळा कसा होता, काय केले, पुढे काय झाले. दोनशे वर्षांपूर्वी मराठी राजाला जे आवश्यक वाटले, ते आज सुई विकणाऱ्याला वाटत नसेल तर त्याच्यापासून लांब राहिलेले बरे.

वजन आणि साखर यांवरच्या नव्या सुयांबद्दल अनेकांनी विचारले आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही नावे वर्तमानपत्रात येतात. भारतात टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. ही पेप्टाइडेच, आणि ती खरोखर काम करतात. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. पण सुई थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातले दोनतृतीयांश परत आले. शिवाय उतरते ती नुसती चरबी नसते, स्नायूही जातो. पन्नाशीच्या माणसाला स्नायू म्हणजे म्हातारपणची ठेव. म्हणून पोटभर प्रथिने आणि वजने उचलण्याचा व्यायाम सांगणारा डॉक्टर असेल तरच या वाटेला जावे. लग्नाआधी दोन महिन्यांत बारीक व्हायचे म्हणून मुलीला ही सुई देणाऱ्यांशी माझे जमत नाही, हे इथेच सांगून टाकतो.

"वय मागे नेणारी" सुई हा मात्र निराळा प्रकार. १९९० साली अमेरिकेत साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने वाढीचे हॉर्मोन दिले. स्नायू वाढले, चरबी घटली. त्या बारा माणसांवर पुढे केवढा बाजार उभा राहिला! नंतरच्या अभ्यासांत दिसले की ताकद त्या मानाने वाढत नाही. सूज येते, सांधे दुखतात, हाताच्या नसा दबतात, साखर बिघडते. वय कमी करण्यासाठी म्हणून अधिकृत मान्यता मिळालेले एकही पेप्टाइड नाही. अमुक रोगावर आहे, अमुक कमतरतेवर आहे, पण वयावर नाही.

आता ज्यामुळे मला खरोखर बोलावेसे वाटले, ते सांगतो. आमच्या गँगमधल्या एका तरुणाचा खांदा दुखावला. हातोडा उचलायचा, रूळ सरकवायचा, खांद्यावरच पोट. कोणीतरी त्याला बारीक कुपी दिली : बीपीसी-१५७, आठवड्यात खांदा जुळतो. हे १५ अमायनो आम्लांचे पेप्टाइड. प्राण्यांवर, मुख्यतः उंदरांवर त्याचे प्रयोग झाले आहेत, माणसांवरचे अभ्यास अगदी थोडे आणि लहान. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना ते वर्ज्य केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली त्याला सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांत घातले. या मुलाने तीन सुया टोचून घेतल्या. चौथ्या दिवशी दंड लाल, ताप. रुग्णालयात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "यात काय होते?" कुपीवर नाव होते आणि 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असा मजकूर होता. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना नाही, बॅच नाही. आम्ही रुळावर एक साधी क्लिपसुद्धा लखनौच्या आरडीएसओच्या मान्यतेशिवाय बसवत नाही, आणि रक्तामांसात हे! सुदैवाने प्रतिजैविकांवर भागले. खांदा सुधारला तो पुढे अडीच महिने फिजिओथेरपी केल्यावर. रोज तेच तेच कंटाळवाणे व्यायाम. त्याचा आग्रह आहे की हे मी नाव न घेता सांगावे, म्हणजे दुसरा कोणी फसणार नाही.

तेव्हा कोणी सुई सुचवली तर हे विचारा : माझ्या कोणत्या दुखण्यावर ही मान्य आहे? आधी कोणत्या तपासण्या करणार, पुन्हा कधी करणार? थांबवायची कधी, आणि थांबल्यावर काय? त्रास झाला तर रात्री कोणाला फोन करायचा? उत्तरे चिठ्ठीवर, नोंदणी क्रमांकासह मिळाली पाहिजेत, आणि औषध परवानाधारक दुकानातून, बिलासह, थंड पेटीतून. वापरलेल्या सुया टोपण असलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्या. आपल्या गल्लीतला कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला त्या लागू नयेत.

कोणाच्या घरी अशी कुपी आधीच आणून ठेवली असेल तर संकोच करू नका. विसर्जनाच्या गडबडीत नको, त्यानंतरच्या कोणत्याही संध्याकाळी घेऊन या. कॉफी घेत लेबल एकत्र वाचू आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे बरोबर जाऊ. आता आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा राहिलेले प्रश्न प्रसादानंतर.