दोन वेळचं जेवण
(रौप्यमहोत्सवी ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

वजन कसं उतरवलं ते सांगा म्हणालात, म्हणून चार शब्द.

डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली पद्धत मी धरली. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. आठ महिन्यांत ८१ किलोवरून ७४ वर आलो. भूक चार दिवसांत वळणावर येते, त्रास होतो तो आग्रहाचा. सत्यनारायणाचा शिरा नाकारणं म्हणजे कर्जाचा अर्ज नामंजूर करण्याहून अवघड! मी तो घरी नेतो आणि जेवणात खातो. साबुदाण्याच्या खिचडीची एकादशी मात्र यात धरू नका, तो उपास देवाचा.

एक स्पष्ट सांगतो. आमच्या हिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. माझं बघून तिनेही नाश्ता सोडला, गोळी मात्र घेतलीच. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरतायत. साखर मोजली तर ५८! लगेच साखरपाणी दिलं, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं. तेव्हा ज्यांची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, मगच नाश्ता सोडावा. साखर मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. रात्री-अपरात्रीही बेल वाजवा.