गाणं आमचं, कव्हर कुणाचं?



मी कविता लिहितो आणि गोदीत माल चढवतो-उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा सौंदर्यशास्त्र सोडा, मालाबद्दल बोलतो. गोदीत खोकं फोडून कुणी बघत नाय. वरचा छाप बघायचा आणि माल कुणाचा ते ठरवायचं. गाण्याचंही तेच. रेकॉर्डचं कव्हर म्हंजे नुसती सजावट नव्हे, मालकीचा छाप आहे तो.

जिमी हेंड्रिक्स घ्या. गुलामांच्या वंशातला काळा पोरगा, गिटारचा बादशहा. १९६७ च्या डिसेंबरात लंडनमध्ये त्याची 'ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह' ही रेकॉर्ड आली. कव्हरसाठी आपल्याकडच्या बाजारातलं देवाचं रंगीत छापील चित्र उचललं. नाव 'विराट पुरुषन्-विष्णुरूपम्'. रॉजर लॉ या चित्रकारानं देवाच्या तोंडाजागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन गोरे साथीदार रंगवले. तेव्हा तिकडच्या पोरांत 'इंडिया'ची फॅशन होती. हेंड्रिक्सच्या घरात आजीकडून आलेलं चेरोकी रक्त सांगत. म्हंजे 'इंडियन' तोही, पण अमेरिकेच्या मातीतला. त्याला हे कव्हर रुचलं नाही.

विराट पुरुष कोण, हे आपल्याला शिकवायला नको. पुरुषसूक्तात त्याचं तोंड ब्राह्मण, पायातून जन्मला शूद्र. आपल्याला तर पायाशीही जागा नाय! बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरच्या ग्रंथात या सूक्ताची चिरफाड केली. एकवीस वर्षांनी गुलामांच्या वंशजाला त्याच पुरुषाचा मुखवटा चढवला गेला. चित्र झकास आहे, नाकारत नाही. पण झकास चित्रानंही माणूस झाकता येतो.

१९६८ साली 'इलेक्ट्रिक लेडीलँड'च्या वेळी हेंड्रिक्सनं कंपनीला स्वतः पत्र लिहिलं. लिंडा ईस्टमननं काढलेला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला लहान पोरांसोबतचा फोटो वर घ्या, असं कळवलं. मांडणीही आखून दिली. कंपनीनं ऐकलं नाही. इंग्लंडात तर नागड्या बायांचा घोळका छापला. बायांचं शरीर हाही त्यांना मालच! तो फोटो कव्हरवर यायला २०१८ साल उजाडलं. हेंड्रिक्स १९७० मध्येच गेला होता.

हे तिकडचं झालं, असं म्हणून हात झटकू नका. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं आलं. शब्द अरिवूचे, आवाज त्याचा आणि धीचा. अरिवू दलित पोरगा, चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधला. त्याची आजी वल्लीअम्माळ लंकेच्या चहामळ्यात राबलेली. भूमिहीनांचं दुःख त्यानं गाण्यात आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आली, रॅपर शान विन्सेंट दी पॉल आला. अरिवू गायब! दिग्दर्शक पा. रंजित जाहीर बोलले, लोक खवळले, तेव्हा कुठं अरिवूचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. आपण बोंब मारली नाय तर कव्हरवरून आपण पुसले जातो. साधा हिशोब आहे.

म्हणून सांगतो. तुमच्यातले कितीतरी जण आज मोबाईलवर रॅप करतात, व्हिडिओ काढतात. गाणं टाकताना वरचं चित्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका. वस्तीतला साइनबोर्ड रंगवणारा, फोटो काढणारी पोरगी, कॅमेरा धरणारा दोस्त, सगळ्यांना सोबत घ्या आणि सगळ्यांची नावं ठळक छापा. आजीच्या ओव्या घेतल्या असतील तर आजीचंही नाव. उद्या कंपनी आली तर आधी विचारा : कव्हर कोण ठरवणार? उत्तर लेखी घ्या, मगच गळा मोकळा करा.

जय भीम!