पलटणीचा आकडा



शाहिस्तेखानावर छापा घातल्यावर शिवाजी महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले. मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि मराठे दुसऱ्याच वाटेने सिंहगडावर पोचले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुणाला गंडवलं की आपण म्हणतो, त्याला कात्रजचा घाट दाखवला. मी त्या घाटाच्या पायथ्याशीच राहतो. थोडीफार मोडी वाचता येते, म्हणून लोक जुने कागद घेऊन येतात. कात्रजला आता भोर, वेल्हे, पुरंदर, सातारा, अगदी कोकणातूनही आलेली घरं आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमचे खापरपणजोबा इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार होते.’ मग शोध सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तोही पलित्यांमागेच धावतो.

पहिला पलिता आडनावाचा. माणसं आजचं आडनाव घेऊन दोनशे वर्षांपूर्वीच्या यादीत शिरतात. आपल्याकडून फार लांब नसलेल्या कोरेगाव भीमाचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली तिथे लढली ती मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण. आदल्या रात्री शिरूरहून निघालेलं पाचशेच्या आसपास पायदळ, सोबत थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा. स्तंभावर मारल्या गेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं, त्यावरून ते महार शिपाई होते हे कळतं. सोमनाक कमळनाक नाईक, असं एक नाव. स्वतःचं नाव, बापाचं नाव, हुद्दा. आडनाव नाही, गावही नाही. सोमनाकाचा वंशज आज कांबळे असेल, गायकवाड असेल, नाहीतर गावावरून पडलेलं एखादं ‘कर’ लावत असेल. बाकीच्या नावांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. मुंबईच्या फौजेत तेव्हा सगळे एकाच पलटणीत असत, बेने इस्रायलही असत. अमुक जातीची पलटण अमुक, हा हिशोब शतकाच्या अखेरीचा.

आडनाव किती हलतं, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या घरातलं. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी मालोजी सकपाळ सुभेदार आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक. आईचे वडीलही सुभेदार-मेजर. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. शाळेच्या दाखल्यात त्यावरून आंबडवेकर लागलं आणि पुढे आंबेडकर झालं. दोन पिढ्यांत सकपाळ मागे पडले. उद्या कुणी मालोजींना ‘आंबेडकर’ या नावाखाली शोधायला गेला, तर सापडणार काय?

दुसरा पलिता हुद्द्याचा. घराघरांतले सुभेदार मोजले तर पलटणीत शिपायांना जागाच उरायची नाही! यात खोटेपणा नसतो, माया असते. पण महिना सात रुपयांवर आयुष्य काढलेल्या साध्या शिपायाला आपण मागाहून सुभेदार करतो आणि मग त्याला अधिकाऱ्यांच्या यादीत शोधत बसतो. त्याचा पगार नऊ रुपये झाला तो १८९५ साली.

मग धरायचं काय? पलटणीचा आकडा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हुद्दा विचारू नका, ‘कितवी पलटण’ एवढंच विचारा. गंमत अशी की तो आकडाही वेष बदलतो, पण ठरल्या पायरीने बदलतो. कोरेगावची ती पलटण १८२४ च्या फेररचनेत दुसरी रेजिमेंट झाली. १९०३ साली लॉर्ड किचनरने मुंबईच्या आकड्यांत शंभर मिळवले, तेव्हा ती एकशे दोन ग्रेनेडियर्स. १९२२ पासून ती चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्समध्ये. तसंच पाचवीचं. एकशे पाच झाली, मग मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, आणि ‘काळी पाचवी’ हे नाव अजून टिकून आहे. आजी ‘एकशे तीन’ म्हणाली तर समजायचं, एकोणिसाव्या शतकातली तिसरी, म्हणजे जंगी पलटण. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला. महार रेजिमेंटचं सागरला आहे, पण ती उभी राहिली १९४१ साली. तुमचा पूर्वज १८६० चा महार शिपाई असेल तर सागरला त्याची नोंद शोधू नका, जुन्या आकड्यांच्या पलटणींत शोधा.

महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी तेच काम हाती घेतलं. सासवडला त्यांनी ५१ गावांच्या महारांची सभा भरवली होती. या अर्जांत बापजाद्यांच्या चाकरीचा दाखला दिला आहे. माझ्या मते, नुसत्या पदकांच्या यादीपेक्षा हे कागद जास्त बोलतात.

तरी पदकाचं मोल मोठं, कारण त्याच्या कडेवर नाव आणि पलटण कोरलेली असते. मागच्या बाजूला पाठीवर तोफ घेतलेला हत्ती असेल तर ते १८७८ ते ८० च्या अफगाण युद्धाचं. २७ जुलै १८८० ला मैवंदला मुंबईची पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी पलटण होरपळून निघाली. पण त्या पदकावर मैवंदची पट्टी तुम्हाला दिसणार नाही. सरकारने ती काढलीच नाही, कारण तिथे हार झाली होती. कंदाहारची पट्टी मात्र आहे. कोरेगावच्या पट्टीचं पदक मंजूर झालं १८५१ साली, म्हणजे ३३ वर्षांनी, आणि तेही तोवर जिवंत असलेल्यांनाच. त्यामुळे घरात पदक नाही म्हणून पणजोबा लढलेच नाहीत, असं धरू नका.

मुंबईच्या फौजेचं बरंच दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे, आणि इंडिया ऑफिसचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. तिथवर जायच्या आधी मात्र घरातली ट्रंक उघडा. पदक सापडलं तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका, कडेवरची अक्षरं जातात. खिडकीशी तिरक्या उजेडात धरून कडेचा फोटो काढा आणि आकडा वहीत उतरवून ठेवा. आणि चांदीच्या भावाने ते सराफाला मुळीच देऊ नका.