गोलातला ‘एम’



बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही लहानसे मशीनशॉप चालवतो. मंडळाने ‘तुमच्या कामातले काहीतरी सांगा’ म्हटले, म्हणून आमची एक चूकच सांगतो.

एका ऑर्डरीत बिडाच्या चार भोकांच्या प्लेटी होत्या. ड्रॉइंगवर भोकाचा व्यास १०.० ते १०.२ मिलिमीटर, भोकाच्या जागेचा टॉलरन्स ०.२ आणि त्यापुढे गोलात ‘एम’ हे अक्षर. तपासणीत ६० प्लेटींच्या भोकांची जागा व्यासाच्या हिशोबाने ०.३ ने चुकलेली भरली. आम्ही त्या सरळ भंगारात काढल्या. भोके मात्र १०.१५ ची होती. म्हणजे प्लेटी चांगल्या होत्या!

हे कसे? मंडपाचे दार मूर्तीपुरतेच असेल तर मूर्ती अगदी मधोमध आणावी लागते. दार रुंद असेल तर उचलणारे थोडे डावी-उजवीकडे सरकले तरी चालते. बोल्टाचेही तसेच. भोक १०.० चे, म्हणजे सर्वांत लहान, तेव्हा प्लेटीत माल जास्तीत जास्त असतो आणि बोल्ट बसणे सर्वांत अवघड. ०.२ ची सूट त्या वेळेची. भोक जितके मोठे, तितकी जागेची सूट वाढते, १०.१५ ला ती ०.३५ होते. ‘एम’ हेच सांगतो. अशा जॉबला ९.८ च्या चार पिनांचे गेजही पुरते. प्लेट त्यावर बसली की भोकांची जागा पास. भोकाचा व्यास तेवढा वेगळा तपासायचा.

ही सूट सगळीकडे नसते. बेअरिंगच्या घरासारख्या ठिकाणी सहसा ‘एम’ नसतो. तिथे भोक मोठे झाले म्हणून जागा सोडता येत नाही. भोकाशेजारची भिंत पातळ असेल तर ‘एल’ येतो. तिथे भोक लहान होईल तशी सूट वाढते, कारण जपायची असते ती भिंत.

स्कॉटलंडच्या टॉर्पेडो कारखान्यात स्टॅन्ले पार्कर यांनी असाच विचार केला आणि १९४० मध्ये तो लिहून ठेवला: भाग जोडणीत बसतो का, हा खरा प्रश्न.

त्या ६० प्लेटींत ओतणाऱ्यांचा घाम आणि आमच्या मुलांच्या रात्रपाळ्या होत्या. आता नव्या मुलाला आम्ही मायक्रोमीटर हाती देण्याआधी ड्रॉइंग वाचायला बसवतो. माल भंगारात टाकण्याआधी ते छोटे अक्षर वाचा, एवढेच सांगणे.

गणपती बाप्पा मोरया!